रोलर न फिरलेला रस्ता

डांबर नसलेला रस्ता मुद्दाम शोधत फिरणारी माणसे मला अलीकडेच पाहायला मिळाली. रविवारी सकाळी ती नेऱ्याच्या नाक्यावर चहाला थांबतात. रंगीत हेल्मेटे, जाड टायरच्या सायकली, पाठीवर नळी असलेली पाण्याची पिशवी. परवा त्यांतल्या एकाने मला विचारले, "काका, वर वाडीकडे जायला कच्चा रस्ता उरलाय का कुठे? सगळीकडे काँक्रीट करून ठेवलंय हो." त्याच्या आवाजात तक्रार होती. मी त्याला वाट सांगितली. उंबराच्या वळणावर पुढचा ब्रेक धरू नकोस, एवढे बजावले. तो हसला. "डिस्क ब्रेक आहेत, काका."  तो जिथे हौसेने निघाला होता, तिथे मी दसऱ्याच्या आधीपासून दिवाळी उलटेपर्यंत रोज सकाळी घाबरलेलो असे. हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. सांगण्यासारखे त्यात काही नाही, असेच मला वाटत आले. आता वय झाले आहे, म्हणून लिहून ठेवतो.

आम्ही पनवेलला, वडाळे तळ्याच्या मागच्या आळीत दोन खोल्यांत राहत होतो. वडिलांचा दुधाचा व्यवसाय होता. पहाटे चारला ते डबल बारची सायकल बाहेर काढत. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कड्या होत्या. त्यांत रिकाम्या किटल्या अडकवल्या की त्या एकमेकींना न लागताही वाजत, आणि तो आवाज आळीच्या टोकापर्यंत ऐकू येई. आई तोवर चूल पेटवून तांदळाची भाकरी थापत असे. सुकटीची चटणी आणि भाकरी फडक्यात बांधून ती हँडलला अडकवी. वडील गावाबाहेर पडून, गाढी नदी ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी जात, तिथून सायकल ढकलत वर धनगरांच्या वाडीवर चढत, आणि साडेआठला भरलेल्या किटल्या घेऊन परत येत. स्टँडजवळच्या दोन हॉटेलांत आणि आमच्या आसपासच्या घरांत ते दूध जाई. किटलीत दूध हिंदकळून लोणी धरू नये म्हणून वर पेंढ्याची चुंबळ टाकलेली असे. आई ती काढून टाकी तेव्हा तिला दुधाचा आणि गवताचा मिळून एक वास येई. त्या वासाने मला जाग येत असे. ज्या दिवशी वडील साडेआठला आले नाहीत, त्या दिवशी मी नऊपर्यंत झोपलो होतो.

वाडीचा रस्ता त्याच वर्षी व्हायला घेतला होता. पायाचे दगड रचले, त्यांवर खडी पसरली. तीवर मुरूम पडायचा आणि मग रोलर फिरायचा, असा क्रम होता. रोलर पायथ्याशी येऊन बंद पडला आणि तिथेच राहिला. पावसाळाभर त्याच्यावर शेळ्या बसत. त्यामुळे वाडीपासून खालपर्यंतच्या सात वळणांवर नुसती सुटी खडी होती, मुठीत मावेल एवढ्या दगडांची. पाऊल ठेवले की ती सरके आणि दात खाल्ल्यासारखा आवाज करी. चौथ्या वळणावर उंबराचे झाड होते. तिथे उतार सर्वांत जास्त, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला काही नाही. सरळ खाली ओढा. वडील तिथे पडले. किटल्या ओढ्यात गेल्या, वडील झाडाला अडकले.

त्यांना एका टेंपोतून, सायकल आणि ओढ्यातून काढलेल्या किटल्यांसह, घरी आणले तेव्हा डावा पाय प्लास्टरमध्ये होता. इस्पितळाने पाय पाहिला होता, हात पाहिले नव्हते; किंवा वडिलांनीच दाखवले नसतील. दोन्ही तळव्यांत बारीक खडी रुतली होती. आई सुई तापवून एकेक खडा काढत होती आणि पितळेच्या वाटीत टाकत होती. मी कंदील धरून बसलो होतो. वडील ओरडले नाहीत. प्रत्येक खड्याला वाटी वाजे, आणि त्यानंतर पुढचा निघेपर्यंत शांतता. आई म्हणाली, "हातसुद्धा वर करता आले नाहीत का?" वडील म्हणाले, "हँडल धरलं होतं. घट्ट धरलं, तीच चूक झाली. हँडल आवळलं की खडी आपल्याला धरते." मग माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "उद्यापासून तू जा. पुढचा ब्रेक धरायचा नाही. मागचा, तोही थोडा. वळणावर अंग सैल." त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून माझ्यासमोर ठेवले. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. नाही म्हणण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती.

चढताना सायकल ढकलावी लागते. त्यात कमीपणा नाही, सगळेच ढकलतात. पहिल्या दिवशी वाडीवर पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. कोंडूमामा आणि मामी म्हशींच्या धारा काढायला नुकतेच बसले होते. हे नात्याने आमचे कोणी नव्हेत. वडील त्याला कोंडू म्हणत, म्हणून मी मामा म्हणू लागलो. वाडीत चार घरे, सर्वांचे दूध मामाच्या अंगणात गोळा होई. किटल्या भरून निघायला सव्वासात झाले. पहिल्या वळणापर्यंत मी सायकलवर बसून आलो. पुढचे चाक एकदा डावीकडे सरकले, एवढेच. माझ्या कानांत ती पितळी वाटी वाजली. मी उतरलो. मग पायथ्यापर्यंत मी सायकल हाताने धरून, टाच रोवत, एकेक पाऊल टाकत चालत आलो. बसून वीस मिनिटांचा तो उतार. मला सव्वा तास लागला. पनवेलला पोचायला साडेनऊ झाले. ऑक्टोबरचे ऊन होते. हॉटेलच्या मालकाने दूध तापवायला ठेवले आणि ते फाटले. त्याने पातेले माझ्यासमोर आणून धरले. "याचा काय खरवस करू?" तो म्हणाला. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी हेच झाले. घरी मी सांगितले की टायर पंक्चर झाला होता. वडील छताकडे पाहत पडून होते. 

चौथ्या दिवशी मी वाडीवर पोचलो तेव्हा वाडीतल्या दुसऱ्या दोन किटल्या भरून अंगणाच्या कडेला तयार होत्या; माझ्या रिकाम्या उद्यासाठी तिथेच राहिल्या. पेंढासुद्धा घातलेला. मामी म्हणाली, "घे आनि नीघ बिगीबिगी." त्या दिवशी पावणेनऊला दूध पनवेलमध्ये होते आणि ते फाटले नाही. पुढेही रोज तसेच घडू लागले. मला त्याचा आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. वडील वाडीवर गेले की अंगणातल्या एका सपाट दगडावर बसत, धारा निघेपर्यंत त्यांना चहा मिळे, म्हशींच्या आजारपणाच्या गप्पा होत. घरी येऊन ते आईला त्या सांगत. मला कोणी बस म्हणत नव्हते. दारात किटल्या ठेवायच्या आणि वाटेला लावायचे. शहरातला कॉलेजात जाणारा पोरगा यांना नको आहे, असे मी ठरवून टाकले. मीही मग जास्त बोलेनासा झालो. किटल्या अडकवून पहिल्या वळणापर्यंत ऐटीत सायकलवर बसून जायचे आणि वळण घेऊन वाडी दिसेनाशी झाली की उतरायचे, असा माझा क्रम ठरला. पायथ्याच्या गावातून साडेसातची एस.टी. पनवेलला परत फिरे. मी खाली पोचे तेव्हा ती नुकतीच गेलेली असे. तिची धूळ मला रोज पाहायला मिळे.

त्या दिवसांतली भीती कशी होती ते नेमके लिहायला हवे. ती उतारावर सुरू होत नसे. ती आदल्या दिवशी जेवताना सुरू होई. वालाचे बिरडे मला आवडे. त्या दिवसांत मी ते ताटात तसेच ठेवून उठे. खिडकीतून रस्त्यावर कोणी वाळू चाळत असल्याचा आवाज आला तरी माझे तळवे ओले होत. चालत उतरूनही भीती कमी झाली नाही, उलट वाढली. एखाद्या गोष्टीला रोज चुकवले की ती रोज थोडी मोठी होते. आणि तिला चुकवत असल्याचे कोणाला कळेल, ही दुसरी भीती पहिलीच्या बरोबरीने चालू लागली. एकदा वडिलांनी दाराशी काढून ठेवलेल्या माझ्या चपला पाहिल्या. "टाचा झिजल्या," ते म्हणाले. महिन्यापूर्वी घेतलेल्या चपला होत्या. मी त्या उचलून आत ठेवल्या.

दिवाळी होऊन चार-पाच दिवस झाले होते. मी वाडीवर पोचलो तेव्हा अंगणात भरलेल्या किटल्या नव्हत्या. एक म्हैस सुटून परसात फिरत होती. मामा भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या उजव्या पायाला घोट्याच्या वर सुतळी आवळलेली होती आणि खालचा पाय एखाद्या दुसऱ्याच माणसाचा असावा तसा सुजला होता. मामी म्हणाली, "फुरसं चावलं. गंजीतनं वैरन काडाय गेले, काळोखात. गवतातच बसलं व्हतं." वाडीतले बाकीचे पुरुष गवत कापायला पलीकडच्या पठारावर मुक्कामाला होते. डोली करायची तर चार खांदे लागतात. तिथे मामी होती, शेजारची म्हातारी होती आणि मी होतो. मामाने थुंकी टाकली. तीत रक्त होते. ते पाहून म्हातारी आत निघून गेली. मी घड्याळ पाहिले. साडेसातची एस.टी. गाठली तर आठ-सव्वाआठला मामा पनवेलच्या सरकारी दवाखान्यात असता. ती चुकली तर दुपारपर्यंत पायथ्याशी दुसरे वाहन नव्हते.

"सायकलवर ने," मामी म्हणाली. तिने माझ्याकडे एकदा पाहिले आणि नजर काढून घेतली. त्या नजरेचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. आम्ही मामाला कॅरियरवर बसवले. किटल्यांच्या एका कडीत त्याचा चांगला पाय रोवला, सुजलेला पाय गोणपाटात गुंडाळून दुसऱ्या कडीला टेकवला. त्याला नीट बसवेना, तो कलत होता. मामीने म्हशीचे दावे आणले आणि त्याच्या व माझ्या कमरेभोवती तीन वेढे देऊन गाठ मारली. निघालो तेव्हा सात वाजून पाच मिनिटे झाली होती.

पहिले वळण घेतले. सवयीने माझा पाय जमिनीवर गेला आणि सायकल थांबली. आम्ही दोघे एकत्र बांधलेले होतो, मला उतरता येणार नव्हते, हे माझ्या ध्यानातच राहिले नव्हते. मामाचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"काय झालं?" तो म्हणाला.

"काही नाही. चेन पाहतो."

"चेन नाय नि फेन नाय. रोज हितंच उतरतंस तू."

चेनकडे वाकलेला मी सरळ झालो.

"आमाला समदं दिसतं रं वरनं. कड्यावर उबं रायलं की साती वळनं दिसतात. पयल्याच दिशी मामी बोलली, पोर चालत जातंय, दूध नासंल. मग काय, लागली काळोखात धारा काडाय. म्हशी आयकतायत व्हय? लाता मारतात. मग म्होरं वैरन टाकावी लागते, तवा उब्या रातात." तो थांबला, पुन्हा थुंकला. "तुजा बापूस पडला, तवाचं भ्या हाय ते. आमी काय बोललो का कुनाला?"

हे सर्व तो सावकाश, दम खात बोलला. गंजीत तो काळोखात का गेला होता, हे मला त्या वळणावर उभे असताना कळले. उजाडल्यावर गेला असता तर ते जनावर त्याला दिसले असते.

"चल आता," तो म्हणाला. "का हितंच बायकोसारका बांदून ठेवनार मला?"

मी पाय उचलला.

दुसरे आणि तिसरे वळण मला आठवत नाही. आठवतो तो आवाज. सायकलवर बसलेल्या माणसाला खडी वेगळी ऐकू येते. ती चाकाखाली न वाजता हाडांत वाजते. हँडलच्या दांड्यांतून ती कोपरांपर्यंत येत होती. दात एकमेकांवर आपटत होते. मामा मागून मोजत होता, "ह्ये गेलं. ह्ये बी गेलं." उंबर दिसला तेव्हा मी हँडल इतके आवळले होते की बोटे पांढरी पडली होती. पुढचे चाक लगेच सरकू लागले, बाहेरच्या बाजूला, ओढ्याकडे. पुढच्या ब्रेककडे माझी बोटे गेली. त्या क्षणी मला वडिलांचे बोलणे आठवले, असे लिहिता आले असते. ते खरे नाही. मला फक्त तळव्यांतून खडे काढणारी सुई दिसली. मी बोटे उघडली. तळवे नुसते हँडलवर टेकलेले राहिले. चाक स्वतःच एकदा हलले, दोनदा हलले आणि खडीत आपली वाट शोधून सरळ झाले. उंबराची एक फांदी माझ्या कानाला घासून गेली. मामा म्हणाला, "ह्ये बी गेलं." त्याचा आवाज आता पडला होता. पुढच्या तीन वळणांना त्याने मोजले नाही. त्याचे डोके माझ्या पाठीवर टेकले होते, आणि ते तिथे जड होत चालले होते. मी दोनदा हाक मारली. तिसऱ्या हाकेला तो "हाय" म्हणाला.

एस.टी. सुरू झालेली होती. मी रोलरपासूनच ओरडायला लागलो. कंडक्टरने दोरी ओढली आणि खाली उडी मारली. "अरे, सायकल सोड आधी!" तो ओरडला. सायकल सोडता येत नव्हती. दाव्याची गाठ उतारावरच्या हिसक्यांनी इतकी आवळली होती की ती त्याच्याने सुटेना, ड्रायव्हरच्याने सुटेना. गाडीत एक बाई भाजीच्या पाटीसह बसली होती. तिने कोयता दिला. दावे कापले तेव्हा मामा एकीकडे पडू लागला आणि मी दुसरीकडे. दोघांनाही धरावे लागले. कंडक्टरने तिकीट मागितले नाही. वाटेतल्या एकाही थांब्यावर गाडी थांबली नाही. हात केलेले लोक शिव्या देत मागे राहिले.

मामा वाचला. पायाची सूज उतरायला महिने लागले आणि तो पाय थोडा ओढतच राहिला. हे मी जसे घडले तसे लिहितो. त्याचे ओझे कोणावर किती, हा हिशेब मी माझ्यापुरता करून ठेवला आहे.

दुपारी घरी आलो तेव्हा वडील खाटेवर बसून होते. "दूध?" त्यांनी विचारले. मी सर्व सांगितले. सर्व म्हणजे फुरसे, दावे, एस.टी. त्यांनी विचारले, "उंबराच्या वळणावर बसून होतास?" मी होय म्हणालो. त्यांनी सायकल आत आणायला सांगितली. पायथ्याच्या दुकानदाराकडे ठेवलेली ती मी संध्याकाळी जाऊन घेऊन आलो. खाटेशी उभी करून घेऊन त्यांनी मागच्या चाकाचे ब्रेक बोटांनी चाचपले. "रबर संपलं," ते म्हणाले. "एका उतारात." मग थोडे थांबून, "महिनाभर टिकलं होतं." एवढेच. आईने त्या दिवशी बिरडे केले होते. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी निघालो आणि साडेसहाला वाडीवर पोचलो. किटल्या अंगणात पालथ्या घातलेल्या होत्या. मामीने मला पाहिले आणि ती जागची हलली नाही. मी म्हणालो, "बरे आहेत. काल दवाखान्यात भाकरी मागत होते. डॉक्टरांनी पेज दिली तर रागावले." ती खाली बसली. पदराने तोंड पुसले आणि मग म्हणाली, "पेज त्यांना कदीच नाय आवडत." ती उठली, चुलीवर आधण ठेवले.

"धारा?" मी विचारले.

"आता काडते. उजाडलं ना." तिने सपाट दगडाकडे हात केला. "बस तितं."

मी वडिलांच्या दगडावर बसलो. चहा ॲल्युमिनियमच्या पेल्यात होता, दाट, आणि त्याला धुराचा वास होता. म्हशी शांत उभ्या होत्या. पहिली धार रिकाम्या भांड्यात वाजते, पुढच्या धारांचा आवाज फेसात बुडून जातो. हे मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा ऐकले. सव्वासातला मी निघालो. पहिल्या वळणावर पाय खाली टेकवला नाही. भीती होती तेवढीच होती. उंबर ओलांडल्यावर पाचव्या वळणाआधी रस्ता थोडा सपाट होतो. तिथे मी मान वर करून मागे पाहिले. कड्याच्या टोकाशी मामी उभी होती, एका हाताने डोळ्यांवर सावली धरून. इतके दिवस मी खडीवरची नजर एकदा जरी काढली असती, तर ती मला रोज दिसली असती.